एकाच मालकाचे दोन क्लब, त्यातला एक उरला

१९४३ पासून पुढची वीसेक वर्षं मॅक्स गॉर्डन हा माणूस न्यूयॉर्कमध्ये एकाच वेळी दोन क्लब चालवत होता. पहिला मॅनहॅटनच्या पूर्व भागात, ५५व्या रस्त्यावर. नाव ‘ब्लू एंजल’. पॅरिसमधले कॅबरे कोळून प्यायलेला हर्बर्ट जॅकोबी हा भागीदार, उंची गिऱ्हाईक, टेबलांवर नाटक-सिनेमातली माणसं. दुसरा ग्रीनिच व्हिलेजमध्ये, १७८ सेव्हन्थ ॲव्हेन्यू साउथ या पत्त्यावर, १५ पायऱ्या उतरून जावं लागणारं तळघर. नाव ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’. त्या काळी पैसे गुंतवायचे असते तर कुणीही डोळे झाकून ब्लू एंजलमध्ये गुंतवले असते.

ब्लू एंजल १९६४ मध्ये बंद पडला. व्हॅनगार्ड आज जॅझ संगीताचा क्लब म्हणून ओळखला जातो; त्याच तळघरात त्याला २०२५ मध्ये ९० वर्षं झाली.

मालक एक, शहर एक, काळ एक; निकाल मात्र दोन. म्हणून हे प्रकरण नीट तपासून बघण्यासारखं आहे. व्हॅनगार्डबद्दल लिहिताना बहुतेक जण ‘जॅझची पंढरी’ छापाचं काहीतरी लिहितात आणि मालकाच्या संगीतप्रेमाला सगळं श्रेय देऊन मोकळे होतात. मला ते पटत नाही. पहिली वीसेक वर्षं हा मुळात जॅझ क्लबच नव्हता. हा क्लब टिकला तो जागेच्या अडचणींमुळे, असं माझं मत आहे. त्या खोलीत मोठं काही करताच येत नव्हतं, त्यामुळे मालकाला मोठ्या चुकाही करता आल्या नाहीत.

जागा कशी मिळाली

मॅक्स गॉर्डनचा जन्म १९०३ चा, तेव्हाच्या रशियन साम्राज्यातल्या स्वीर गावचा. कुटुंब अमेरिकेत आलं आणि तो ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडमध्ये वाढला. १९२६ मध्ये कायदा शिकायला न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात आला आणि थोड्याच दिवसांत शिक्षण सोडलं. मग व्हिलेजमधल्या कॅफेंमध्ये कवी, चित्रकार, बेकार पदवीधर यांच्या अड्ड्यात रमला. अशा मंडळींना रात्री बसायला एखादी स्वस्त जागा असावी, एवढीच त्याची मूळ कल्पना. १९३४ मध्ये चार्ल्स स्ट्रीटवर त्यानं पहिला व्हॅनगार्ड उघडला. तिथे कविता वाचल्या जायच्या, वाद व्हायचे, कवी एकमेकांची टर उडवायचे.

तिथे आडवा आला तो परवाना. न्यूयॉर्क शहरात १९२६ पासून कॅबरे कायदा लागू होता. खाण्यापिण्याच्या ठिकाणी करमणुकीचा कार्यक्रम ठेवायचा तर त्यासाठी वेगळा परवाना लागे. त्याच्या अटींत दोन स्वच्छतागृहं, बाहेर पडायचे दोन मार्ग आणि चर्च, सिनेगॉग किंवा शाळेपासून किमान २०० फूट अंतर हे सगळं होतं. चार्ल्स स्ट्रीटची जागा त्यात बसेना. गॉर्डननं शोधाशोध केली आणि जवळच सेव्हन्थ ॲव्हेन्यू साउथवरचं एक रिकामं तळघर पाहिलं. दारूबंदीच्या काळात तिथे ‘गोल्डन ट्रँगल’ नावाचा चोरटा गुत्ता होता. १९३३ च्या अखेरीस दारूबंदी उठली आणि चोरट्या गुत्त्यांची गरज संपली. फेब्रुवारी १९३५ मध्ये व्हॅनगार्ड तिथे आला.

गुत्त्याच्या नावातला त्रिकोण खराच आहे. १९१० च्या दशकात सेव्हन्थ ॲव्हेन्यू दक्षिणेकडे वाढवला गेला आणि त्याच्या पोटातून भुयारी रेल्वे नेली. त्यासाठी व्हिलेजच्या जुन्या वाकड्यातिकड्या वस्तीतून सरळ छेद दिला गेला. इमारती पडल्या आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना चिंचोळे, तिरपे तुकडे उरले. व्हॅनगार्ड अशाच एका तुकड्याखाली आहे. खोली एका टोकाला निमुळती होत जाते आणि त्या टोकावर रंगमंच. गाड्या जवळून जातात तेव्हा त्यांची घरघर आत ऐकू येते.

या आकाराचा पुढे फार फायदा झाला. समोरासमोरच्या भिंती समांतर असल्या की आवाज त्यांच्यामध्ये टप्पे खात राहतो आणि झांजेसारखी वाद्यं कर्कश होतात. इथे भिंती समांतर नाहीत, छत बुटकं आहे आणि माणसं दाटीवाटीनं बसलेली असतात. त्यामुळे घुमणारा आवाज लवकर विरतो. बासच्या तारेवर बोट घासलं तरी मागच्या टेबलावर कळतं. हे कुणी ठरवून केलेलं नाही. गॉर्डननं जागा घेतली ती स्वच्छतागृहं आणि दारं मोजून.

ज्या वर्षांत जॅझ नव्हतं

सुरुवातीला कवी. मॅक्स बोडेनहाइम, जो गूल्ड वगैरे व्हिलेजमधली बडी आणि बहुधा कफल्लक मंडळी. गिऱ्हाईक नाणी फेकायचे, कवी ती वेचायचे. पण कवींवर क्लब चालत नाही, हे गॉर्डनला लवकरच उमगलं. १९३० च्या दशकाच्या शेवटी ‘द रेव्ह्यूअर्स’ हा तरुण मुलामुलींचा विनोदी चमू आला. त्यात जुडी हॉलिडे होती, बेटी कॉमडेन आणि ॲडॉल्फ ग्रीन होते, आणि कधीमधी पियानोला त्यांचा मित्र लेनर्ड बर्नस्टाइन बसायचा. ही सगळी नावं पुढे ब्रॉडवे आणि हॉलिवूडला गेली.

मग लोकसंगीत आलं. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला लेडबेली आणि जॉश व्हाइट यांची जोडी इथे गायली. १९४९ च्या नाताळात पीट सीगरचा ‘वीव्हर्स’ हा चौघांचा गट आला तो सहा महिने राहिला. चौघांत मिळून बिदागी आठवड्याला २०० डॉलर आणि वर हॅम्बर्गर फुकट. हे सहा महिने संपेपर्यंत त्यांना रेकॉर्ड कंपनी मिळाली होती आणि १९५० साली त्यांची गाणी देशभर वाजत होती.

या यादीत एक गोष्ट परत परत घडताना दिसते. माणूस नवखा आणि स्वस्त असताना तळघरात येतो, नाव होतं आणि निघून जातो. १२३ जागांच्या खोलीत त्याला थांबवून ठेवण्याइतके पैसेच निघत नाहीत. गॉर्डननं यावर सोपा तोडगा काढला. गेलेल्याच्या मागे जायचं नाही, पुढचा शोधायचा. कवी गेले तर विनोदवीर, ते गेले तर लोकगायक. त्याला कुठल्याच एका प्रकाराचं वेड नव्हतं, आणि धंद्याच्या दृष्टीनं तेच त्याचं बलस्थान होतं.

जॅझ अधूनमधून असायचं, पण जेवणाबरोबरच्या लोणच्यासारखं. मुख्य कार्यक्रमाच्या आधी, नंतर किंवा नाचासाठी.

१९४८ चा एक प्रसंग इथे सांगायलाच हवा. लॉरेन ही तेव्हा ब्लू नोट या रेकॉर्ड कंपनीच्या आल्फ्रेड लायनची बायको. कंपनीनं थेलोनियस मंक या पियानोवादकाच्या रेकॉर्ड काढल्या होत्या आणि त्या कुणी घेत नव्हतं. लॉरेन त्या बगलेत मारून हार्लेममधली दुकानं फिरायची. फायर आयलंडला सुट्टीत तिची मॅक्स गॉर्डनशी गाठ पडली आणि तिनं त्याला मंकला आठवडाभर बोलवायला राजी केलं. सप्टेंबरमध्ये मंक आला, वाजवलं आणि ऐकायला जवळजवळ कुणीच आलं नाही. गॉर्डन वैतागला. धंद्याच्या हिशेबात तो आठवडा बुडीत खात्यात गेला. बाकीच्या हिशेबात नाही, कारण पुढच्या वर्षी लॉरेननं आणि मॅक्सनं लग्न केलं. चाळीस वर्षांनी क्लब तिच्याच हाती येणार होता.

१९५७: दूरचित्रवाणीनं माणसं पळवली तेव्हा

१९५० च्या दशकात घरोघरी दूरचित्रवाणी संच आले आणि नाइट क्लबांचा कणा मोडला. याचं एक कारण सगळ्यांना माहीत आहे: लोक घरीच बसू लागले. दुसरं कारण क्लबच्या मालकांना जास्त झोंबणारं होतं. क्लबात घडलेला विनोदवीर किंवा गायिका दूरचित्रवाणीवर एकदा झळकली की तिचा भाव एका रात्रीत क्लबच्या आवाक्याबाहेर जायचा. कॅरल बर्नेट १९५७ मध्ये ब्लू एंजलमध्ये गात होती. त्याच वर्षी ती दूरचित्रवाणीवर गेली. माइक निकल्स आणि इलेन मे यांचंही तेच. काही वर्षांनी बार्ब्रा स्ट्रायसँड ब्लू एंजलमधून ब्रॉडवेवर गेली. विनोदवीराचा दहा मिनिटांचा कार्यक्रम देशभर एकदा दिसला की जुना होतो, हाही एक भाग आहेच. तोच विनोद परत ऐकायला कोण पैसे मोजणार?

दोन्ही क्लबांवर एकाच वेळी हे संकट आलं. ब्लू एंजलला वळता आलं नाही. त्याची सगळी ओळखच ‘उद्याचा तारा आज इथे’ अशी होती. गिऱ्हाईक नटूनथटून यायचं, त्याला त्या तोलामोलाचा सरंजाम लागायचा, स्वयंपाकघर लागायचं, वाढपी लागायचे. एवढा डोलारा एका साध्या वाद्यवृंदावर उभा राहत नाही.

व्हॅनगार्डला डोलाराच नव्हता. १९५७ च्या सुमारास गॉर्डननं ठरवलं की आता फक्त जॅझ. यामागे संगीताबद्दलचा साक्षात्कार नसून बेरीज-वजाबाकी होती, असं मी म्हणतो ते पुढच्या कारणांमुळे.

जॅझचा गट तयार मालासारखा येतो. त्याला पोशाख नको, नेपथ्य नको, गायिकेसाठी वेगळा साथीदारांचा ताफा नको. तीन किंवा चार माणसं आपापली वाद्यं घेऊन येतात, पियानो तेवढा क्लबचा. दूरचित्रवाणीला या संगीतात फारसा रस नव्हता, त्यामुळे वादकांना पळवून नेणारं कुणी नव्हतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे जॅझमध्ये रोज तोच कार्यक्रम नसतो. मंगळवारी वाजवलेली धून शुक्रवारी वेगळीच होते, म्हणून तोच श्रोता दुसऱ्यांदा येतो. मैफलीची सवय असलेल्या आपल्या श्रोत्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

परिस्थितीही पिकलेली होती. १९४८ मध्ये लाँग प्ले रेकॉर्ड आली होती. तोपर्यंत एका बाजूला तीनेक मिनिटं मावायची, आता वीसेक मिनिटं मावू लागली आणि लांबलचक वादन घरी ऐकणारा नवा श्रोता तयार झाला. त्यातच न्यूयॉर्कमधल्याच ‘फाइव्ह स्पॉट’ या साध्या बारमध्ये १९५७ च्या उन्हाळ्यात मंक महिनोन् महिने वाजवत होता आणि गर्दी मावत नव्हती. हाच तो मंक, ज्याला व्हॅनगार्डमध्ये नऊ वर्षांपूर्वी कुणी विचारलं नव्हतं. मधली सहा वर्षं त्याला शहरातल्या क्लबांत वाजवताच आलं नव्हतं, कारण पोलिसांनी त्याचं कॅबरे कार्ड काढून घेतलं होतं. १९४० ते १९६७ पर्यंत दारू मिळणाऱ्या ठिकाणी काम करणाऱ्या प्रत्येक कलाकाराला हे कार्ड लागायचं आणि ते द्यायचं की काढायचं हे पोलीस ठरवायचे. बिली हॉलिडेचं १९४७ मध्ये गेलं ते परत मिळालंच नाही.

आता जागांचं गणित बघा. आजच्या रिवाजाप्रमाणे रात्रीचे दोन खेळ, मंगळवार ते रविवार सहा रात्री. खोली काठोकाठ भरली तरी आठवड्याच्या या सहा रात्रींत १४७६ जागा, त्याच्या वर एकही नाही. गल्ल्याला अशी कमाल मर्यादा असली की खर्चालाही आपोआप लगाम बसतो. पण तिचा दुसरा अर्थ मला जास्त महत्त्वाचा वाटतो: ही खोली भरायला फार मोठं नाव लागत नाही. ब्रॉडवेवरचा ‘बर्डलँड’ सुमारे ५०० जणांचा होता. तिथे सव्वाशे माणसं आली तर ती पडलेली रात्र. व्हॅनगार्डमध्ये तीच माणसं म्हणजे दारात रांग. बर्डलँड १९६५ मध्ये बंद झाला.

सलग सहा रात्री एकाच गटाला देण्याची पद्धतही या गणितात बसते. पहिल्या रात्री गट चाचपडतो, मधल्या रात्रींत सुटतो, तोवर परीक्षण छापून येतं, कानोकानी खबर जाते आणि शनिवार-रविवारी गर्दी होते. एकाच रात्रीचे कार्यक्रम लावणाऱ्याला रोज नवी जाहिरात करावी लागते.

रविवारची ध्वनिमुद्रणं

३ नोव्हेंबर १९५७ या रविवारी ब्लू नोटसाठी रूडी व्हॅन गेल्डर आपलं ध्वनिमुद्रणाचं सामान घेऊन त्या पायऱ्या उतरला. सॉनी रॉलिन्स सॅक्सोफोनवर, सोबत फक्त बास आणि ड्रम्स, पियानो नाही. दुपारच्या खेळाला साथीदारांची एक जोडी, रात्रीच्या खेळाला दुसरी: विल्बर वेअर आणि एल्विन जोन्स. या मुद्रणातून जी रेकॉर्ड निघाली तिच्या नावातच क्लबचं नाव होतं.

इथून जे सुरू झालं ते क्लबच्या मालकाला स्वप्नातही सुचलं नसतं. मुद्रणाचा खर्च कंपनीचा, वादन वादकाचं, आणि वेष्टणावर नाव क्लबचं. अशी फुकटची जाहिरात पुढे शंभरावर रेकॉर्डवर झाली.

त्यातली दोन मुद्रणं एकाच वर्षातली. २५ जून १९६१, पुन्हा रविवार. बिल एव्हान्स पियानोवर, स्कॉट लफारो बासवर, पॉल मोशन ड्रम्सवर. दुपारी दोन आणि रात्री तीन असे पाच खेळ मुद्रित झाले. पहिल्याच धुनेत मध्येच वीज गेली, ती खोट मुद्रणात राहिली आहे. ग्लास वाजतात, कुणी हसतं, कुणी आपल्याच गप्पांत आहे. ज्या दिवसाला आज जॅझच्या इतिहासात इतका मान आहे, त्या दिवशी खोलीतल्या बऱ्याच जणांचं लक्ष दुसरीकडेच होतं. ११ दिवसांनी, ६ जुलैला, लफारो मोटार अपघातात गेला. तो २५ वर्षांचा होता.

त्याच वर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन इथे वाजवत होता, एरिक डॉल्फीला सोबत घेऊन. इम्पल्स कंपनीनं चार रात्री मुद्रण केलं, यंत्रापाशी पुन्हा व्हॅन गेल्डरच. त्यातलं एक वादन सोळा मिनिटांच्या आसपास, एकाच ब्लूजवर, पियानोशिवाय, दम न खाता. हे ऐकून काही समीक्षक चक्रावले, काही चिडले. गॉर्डननं त्याला नंतरही बोलावलं. त्याला ते वादन कितपत आवडलं असेल ते असो, खोली भरत होती.

एव्हान्सच्या मुद्रणातल्या त्या गप्पांवरून एक विसंगती जाणवते. आज व्हॅनगार्डमध्ये वादन चालू असताना बोलणं खपवून घेत नाहीत, फोन आणि फोटो तर नाहीच नाही. गिऱ्हाईक चर्चमध्ये बसावं तसं बसतं. ज्या रेकॉर्डमुळे ही भक्ती निर्माण झाली, तिच्यातला श्रोता आज दारातच समज देऊन आत सोडला गेला असता. मला शांतता आवडते, तरी या बदलानं खोलीतलं काहीतरी हरवलं असावं असं वाटतं. कारण पूर्वी वादकाला श्रोत्यांचं लक्ष मिळवावं लागायचं, आता ते तिकिटाबरोबरच मिळतं.

सोमवार

१९६० च्या दशकाच्या मध्यावर रॉकनं तरुण गिऱ्हाईक ओढून नेलं. ब्लू एंजल गेला, बर्डलँड गेला. व्हॅनगार्डमध्येही चणचण होतीच, आणि सोमवार तर क्लबांचा भाकड दिवस.

थॅड जोन्स काउंट बेसीच्या वाद्यवृंदातला ट्रंपेटवादक, मेल लुइस स्टॅन केंटनच्या वृंदातला ड्रमवादक. दोघं जेरी मलिगनच्या वृंदात एकत्र वाजवलेले. १९६५ च्या अखेरीस त्यांनी स्टुडिओत दिवसभर जाहिरातींचं आणि दूरचित्रवाणीचं संगीत वाजवून कंटाळलेल्या वादकांना जमवलं आणि मध्यरात्रीनंतर तालमी सुरू केल्या. १८ जणांचा वृंद, ऐकणारं कुणी नाही. ॲलन ग्रँट या रेडिओ निवेदकानं गॉर्डनला गळ घातली. गॉर्डननं फेब्रुवारीतले तीन सोमवार देऊ केले. ७ फेब्रुवारी १९६६ ला पहिला कार्यक्रम झाला आणि रस्त्यावर रांग लागली.

हिशेबानं बघितलं तर हे वेडेपण आहे. सव्वाशे माणसांच्या खोलीत १८ वादक म्हणजे दर सात श्रोत्यांमागे एक वादक. बाजारभावानं बिदागी द्यायची तर पहिल्याच सोमवारी दिवाळं. पण या वादकांची रोजीरोटी स्टुडिओत होती; सोमवारी ते वाजवायला येत ते हात मोकळा करायला. गॉर्डनकडे रिकामा दिवस होता, त्यांच्याकडे रिकामी रात्र. तीन सोमवारांचं ते आश्वासन सहा दशकं चाललं आहे. जोन्स १९७० च्या दशकाच्या शेवटी डेन्मार्कला गेला, लुइस १९९० च्या फेब्रुवारीत वारला, वृंद ‘व्हॅनगार्ड जॅझ ऑर्केस्ट्रा’ या नावानं चालूच राहिला.

या प्रकरणाचा अभ्यास करणाऱ्यांचं लक्ष कोल्ट्रेन आणि एव्हान्सवर खिळतं, सोमवारकडे ते घाईनं बघतात. माझ्या मते १९६६ नंतर क्लबची नाडी सोमवारच होती. रेकॉर्डमुळे परगावचे लोक यायचे, सोमवारमुळे शहरातले वादकच गिऱ्हाईक म्हणून येऊ लागले.

लॉरेन

मॅक्स गॉर्डन ११ मे १९८९ ला वारला. लॉरेननं एक रात्र क्लब बंद ठेवला आणि दुसऱ्या दिवशी उघडला.

तिला क्लब चालवायचा अनुभव नव्हता. मधल्या वर्षांत तिनं मुली वाढवल्या, ‘विमेन स्ट्राइक फॉर पीस’ या संघटनेत अण्वस्त्रांविरुद्ध आणि व्हिएतनाम युद्धाविरुद्ध काम केलं, १९६५ मध्ये सरकारला न विचारता हनोईला जाऊन आली आणि पुढे ब्रुकलिन संग्रहालयात पोस्टरचं दुकान सांभाळलं. पण मंकच्या रेकॉर्ड बगलेत मारून फिरलेली बाई होती ती. कान तयार होता आणि जीभ तिखट होती.

तिनं काय केलं यापेक्षा काय केलं नाही ते बघावं. खोली वाढवली नाही, शाखा काढली नाही, जेवण परत सुरू केलं नाही. जुनं स्वयंपाकघर तसंच वादकांच्या उठण्याबसण्याची खोली आणि कार्यालय म्हणून राहिलं. जेवण नाही म्हणजे आचारी नाही, वाढप्यांचा ताफा नाही, नासाडी नाही. शहरातल्या कितीतरी क्लबांना रेस्टॉरंटनंच खाल्लं आहे. नव्या वादकांना मात्र तिनं आठवडे दिले. ब्रॅड मेल्डाउ, जेसन मोरान हे पियानोवादक तिच्याच काळात इथे रुजले. आणि १९६१ च्या त्या रविवारी ड्रम्सवर असलेला पॉल मोशन म्हातारपणी मॅनहॅटनबाहेर वाजवायला जाईनासा झाला, तेव्हा व्हॅनगार्डमध्ये तो वर्षातून अनेक आठवडे असायचा, २०११ मध्ये जाईपर्यंत.

२०१३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कला निधीनं लॉरेनला जॅझ मास्टर हा सन्मान दिला. ९ जून २०१८ ला, ९५व्या वर्षी ती वारली. क्लब मुलगी डेबोरा गॉर्डनकडे आला.

शेजारी

एकट्या वाचलेल्याची गोष्ट ऐकून कारणं ठरवली की फसगत होते, म्हणून जे गेले त्यांच्याकडेही बघायला हवं. ‘कॅफे सोसायटी’, १९३८, काळ्या आणि गोऱ्या श्रोत्यांना शेजारी बसवणारा क्लब. मालकाच्या भावाला अमेरिकी संसदेच्या समितीनं चौकशीला बोलावलं, वर्तमानपत्रांनी झोड उठवली आणि दहाएक वर्षांत संपला. ‘हाफ नोट’ १९७२ मध्ये हडसन स्ट्रीट सोडून मिडटाउनच्या ५४व्या रस्त्यावर गेला आणि काही वर्षांतच आटोपला. ‘व्हिलेज गेट’ १९९० च्या दशकात मिटला. ‘ब्रॅडलीज’ १९९६ मध्ये, ‘स्वीट बेझिल’ २००१ मध्ये. हे सगळे काही अडाणी लोकांनी चालवलेले नव्हते आणि यातले काही लहानही होते. ब्रॅडलीज तर व्हॅनगार्डपेक्षाही चिमुकला. तेव्हा लहान असणं पुरेसं नाही, हे कबूल करायला हवं. व्हॅनगार्डजवळ लहानपणाबरोबर तीन गोष्टी जास्तीच्या होत्या: रेकॉर्डवरचं नाव, सोमवार, आणि मालकी घरातल्या घरात जाणं. यातली शेवटची गोष्ट तर निव्वळ नशीब.

बंद दार

१६ मार्च २०२० ला महामारीमुळे क्लब बंद झाला. १२३ जागांच्या गणितात शून्य जागांची सोय नव्हती. जूनमध्ये डेबोरानं रिकाम्या खोलीतून थेट प्रक्षेपण सुरू केलं. पहिल्या शनिवार-रविवारी ड्रमवादक बिली हार्टचा गट. समोर कॅमेरे, टाळ्या नाहीत. पंचाऐंशी वर्षांत प्रथमच जागांची मर्यादा उठली होती आणि ती उठली तेव्हा कुणालाच आत यायची परवानगी नव्हती. त्याच वर्षाच्या शेवटी शहरातला ‘जॅझ स्टँडर्ड’ कायमचा बंद झाल्याचं जाहीर झालं. व्हॅनगार्ड सप्टेंबर २०२१ मध्ये उघडला, त्याच खुर्च्या आणि तोच सोमवार घेऊन.

या प्रकरणात एक पेच शिल्लक राहतो. १९३५ ते १९५७ या काळात मॅक्स गॉर्डननं तळघरातला माल तीनदा बदलला आणि म्हणून तो तगला. १९५७ नंतर माल बदललेला नाही. विनोदवीर गेले तेव्हा कुणी हळहळलं नव्हतं. उद्या डेबोरानं तिथे दुसरं काही लावायचं म्हटलं तर टोकियोपासून कोपनहेगनपर्यंत ओरड होईल, आणि आठवड्याच्या त्या १४७६ जागांतल्या कितीतरी जागा त्याच लोकांच्या जिवावर भरतात. वडिलांना जी मोकळीक होती ती शंभर रेकॉर्डच्या वेष्टणांनी मुलीकडून काढून घेतली आहे.